गॅस ‘फुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आलाय. निपाणीजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर दोन हजार लिटरचा बल्क कूलर आहे. त्यात थंडावा देणारा गॅस म्हणून आधी आर-२२ हा एकच पदार्थ होता, तीन वर्षांपूर्वी आर-४०७सी हे तीन गॅसांचं मिश्रण भरलं. गेल्या उन्हाळ्यापासून गॅस दोनदा कमी झाला आणि दोन्ही वेळा वरून भरला. आता दूध ४ अंशांवर यायला पूर्वीपेक्षा तासभर जास्त लागतोय. एक मेकॅनिक म्हणतो, ‘गॅस फुटलाय, सगळा काढून नवा भरा.’ दुसरा म्हणतो, ‘काही होत नाही हो, अजून किलोभर टाकू.’ केंद्रचालकांना दोन गोष्टी हव्यात: खरं कोणाचं, आणि फुटलेल्या गॅसचे घटक वेगळे करून तो परत वापरता येतो का?

मी बेळगावात सव्वीस-सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले ऑइल चिलर (मशीनचं तेल थंड ठेवणारी यंत्रं), खानापूर-चिकोडी भागातले दुधाचे कूलर, अथणीकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज. माझ्या मते पहिला मेकॅनिक बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण ‘फुटलाय’ या शब्दानं तो तुम्हाला आणि स्वतःलाही फसवतोय. दुधाच्या धंद्यातल्या माणसाला हा शब्द ऐकून धडकीच भरणार. फुटलेलं दूध काही केल्या परत दूध होत नाही. गॅसचं तसं नसतं. त्याचे घटक एकमेकांशी रासायनिक बांधलेले नसतातच, ते फक्त एकत्र राहतात. सगळे आतच असतील तर कितीही वेळा सुटे होवोत, परत मिसळतात. नुकसान होतं ते एखादा जास्त प्रमाणात बाहेर निघून गेल्यावर.

आर-४०७सी म्हणजे वजनानं २३ टक्के आर-३२, २५ टक्के आर-१२५ आणि ५२ टक्के आर-१३४ए. मोकळ्या हवेच्या दाबाला आर-३२ उणे ५१.७ अंशांना उकळतो, आर-१२५ उणे ४८ च्या आसपास, आणि आर-१३४ए उणे २६ ला. पहिले दोघे जवळजवळ जोडीनं चालतात, तिसरा २० अंशांहून मागे. म्हणून बंद सिलिंडरमध्येही खालचा द्रव आणि वरची वाफ कधीच एकसारखी नसते. आत्ता तुमच्या मेकॅनिकच्या गाडीत असलेल्या नव्याकोऱ्या सिलिंडरमध्येही नाही. खालच्या द्रवात आर-१३४ए ५२ टक्के असेल, तर वरच्या वाफेत तो ३५ टक्क्यांच्या आसपास येतो आणि आर-३२ व आर-१२५ मिळून तेवढेच वर चढतात. हा बिघाड नव्हे, मिश्रणाचा स्वभाव आहे. घरातल्या स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच. तो प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. आपण वरून वाफ घेतो, प्रोपेन आधी पळतो आणि जड ब्युटेन तळाशी राहतो.

सगळी मिश्रणं अशी वागत नाहीत, आणि आमच्यातली निम्मी भांडणं इथंच होतात. नंबर बघा. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या नामावलीत ४०० च्या घरातली मिश्रणं घटक वेगळे होऊ शकणारी, ५०० च्या घरातली एका पदार्थासारखी उकळणारी. पण ४०० मध्येही फरक आहे. आर-४१०ए उकळायला लागल्यापासून संपेपर्यंत तापमान जेमतेम ०.१ अंश सरकतं, आर-४०४ए मध्ये अर्धा ते पाऊण अंश. आर-४०७सी मध्ये हवेच्या दाबाला सुमारे ७ अंश. या सरकण्याला ग्लाइड म्हणतात. ग्लाइड जितकी मोठी, तितकी घटक वेगळे होण्याची भीती मोठी. आर-४०४ए वर काम करत आलेला माणूस ‘टाका वरून, मी वीस वर्षं टाकतोय’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या गॅसला ते चालतं. आर-४४८ए हा आर-४०४ए च्या जागी येतोय, त्याची ग्लाइड मात्र ६ अंशांच्या घरात आहे. त्याच मित्राला तिथं धक्का बसणार आहे.

हा धडा मी फुकटात शिकलेलो नाही. २००९-१० च्या सुमाराला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तीन सीएनसी मशिनांचे ऑइल चिलर एकापाठोपाठ माझ्याकडे आले. तिन्हींत आर-४०७सी. माझ्याकडे एकच दहा-अकरा किलोचा सिलिंडर. आर-२२ ची सवय, त्यामुळे सिलिंडर सरळ उभा ठेवला आणि वरून वाफ ओढली. पहिला चिलर हाय प्रेशरला ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागला. मला वाटलं जास्त भरला, थोडा सोडला, तरी तेच. दुसरा ठीक चालला. तिसऱ्यात गेजवर दाब कमी, भरत गेलो तरी तेल थंड होईना. मालक म्हणाले, ‘कंप्रेसर गेलाय का बघा की.’ मी कंप्रेसर उघडायच्या बेतात होतो. रात्री घरी विचार करत बसलो तेव्हा डोक्यात आलं की पहिल्याला मी आर-३२ नं माजलेली वाफ दिली आणि तिसऱ्याच्या वाट्याला सिलिंडरातला आर-१३४ए चा गाळ आला. गॅस एक, लेबल एक, आणि मशिनांत तीन वेगळे गॅस. दुसऱ्या दिवशी तिन्ही रिकामे करून नव्या सिलिंडरनं द्रवरूपात भरले. मजुरी माझ्या खिशातून गेली, आणि सिलिंडरात उरलेल्या तीन किलोंचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच.

म्हणून असा गॅस भरायचा तो द्रवच. काही सिलिंडरांत तळापर्यंत नळी असते, ते उभे ठेवूनच द्रव देतात. बाकीचे उलटे करावे लागतात. बाजूला बाण छापलेला असतो, तो एकदा वाचायचा. पूर्ण व्हॅक्यूम करून भरताना कंप्रेसर बंद ठेवून लिक्विड लाईनला (द्रवाच्या नळीला) किंवा रिसीव्हरला (द्रव साठणाऱ्या टाकीला) वजन काट्यावर द्रव द्यायचा. चालू मशीनला सक्शनकडून, म्हणजे कंप्रेसर गॅस ओढतो त्या बाजूनं, द्यायची वेळ आलीच तर मॅनिफोल्डचा (गेजच्या जोडणीचा) कॉक इतकाच उघडायचा की द्रव वाटेतच वाफ होऊन जाईल. भसकन द्रव कंप्रेसरात गेला तर व्हॉल्व्ह प्लेट फुटते, आणि ते फुटणं खरोखरचं असतं.

आता तुमच्या गळतीकडे येऊ. गळतीमुळे प्रमाण बिघडतं का, याचं उत्तर गॅस कुठून आणि कोणत्या अवस्थेत गळाला यावर आहे. मशीन चालू असताना लिक्विड लाईनच्या नटमधून गळाला तर बाहेर जाणारा द्रव तिन्ही घटक फिरत्या प्रमाणातच घेऊन जातो. डिस्चार्ज लाईनला (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या नळीला) भेग पडली तर तिथं सगळीच वाफ असते, द्रव नसतो, त्यामुळे तिथंही प्रमाण फारसं हलत नाही. खोट पडते ती द्रव आणि वाफ एकत्र असलेल्या जागी, आणि त्यातलं एकच बाहेर पडतं तेव्हा. म्हणजे कॉइलच्या मधल्या वळणांवर, किंवा मशीन बंद असताना कुठंही.

बंद असताना हा मुद्दा दुधाच्या कूलरला फार लागू आहे. सकाळी दूध येतं, मशीन काही तास चालतं. संध्याकाळी परत. बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र ते गप्प उभं. त्या वेळात द्रव रिसीव्हरमध्ये बसलेला असतो, आणि पंप-डाऊनची (बंद होताना गॅस रिसीव्हरमध्ये ओढून ठेवायची) सोय नसेल तर हळूहळू सगळ्यात थंड जागेकडे, म्हणजे ४ अंशांच्या दुधाखालच्या कॉइलकडे सरकतो. वरच्या सगळ्या पाइपात वाफ. कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) वरच्या हेडरला किंवा एखाद्या फ्लेअर नटला सुईच्या टोकाएवढी गळती असेल तर तिथून रात्रभर वाफच जाणार. चोवीस तास चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजपेक्षा तुमचा कूलर या बाबतीत जास्त धोक्यात आहे.

किती बिघडलं असेल? हा माझा कागदावरचा हिशोब आहे, प्रयोगशाळेचा नाही. समजा ५ किलो गॅस होता आणि दोन्ही वेळा दीड-दीड किलो निव्वळ वाफ गेली, दोन्ही वेळा दीड किलो बरोबर प्रमाणाचा द्रव भरला. पहिल्या भरणीनंतर आर-३२ २३ वरून २० टक्क्यांच्या आसपास येतो, दुसऱ्यानंतर १७-१८ वर, आणि आर-१३४ए ५२ वरून ६० च्या घरात जातो. हे सगळ्यात वाईट धरून. पुढंही तेच करत राहिलात तर दर वेळी बिघाड तेवढाच वाढतो असं नाही. आतल्या द्रवात आर-१३४ए वाढत जातो तशी त्याच्यावरची वाफही बदलते. शेवटी अशी वेळ येते की जेवढं ज्या प्रमाणात गळतं तेवढंच त्या प्रमाणात आपण भरतो, आणि घसरण थांबते. पण थांबते ती फार खालच्या पायरीवर. आर-१३४ए जास्त झालेलं मशीन कमी दाबावर चालतं, कंप्रेसरच्या प्रत्येक फेरीला कमी वजनाचा गॅस खेचतं आणि थंडावा कमी देतं. ते जळत नाही, ट्रिपही होत नाही, नुसतं आळसावतं.

तरीही, एवढ्या बदलानं एकट्यानं पूर्ण तासाचा फरक पडेल असं मला वाटत नाही. म्हणून सगळा गॅस काढायच्या आधी कंडेन्सरची जाळी बघा. निपाणी भागात तंबाखूची बारीक धूळ आणि उसाचा पाचोळा पंख्यानं ओढून फिनमध्ये असा घट्ट बसतो की बोटानं खरवडावा लागतो. मागच्या बाजूनं पाणी मारून फिन मोकळ्या करा आणि एक दिवस वेळ मोजा. तीन वर्षांपूर्वी आर-२२ काढताना मिनरल तेल पुरतं काढलं होतं का, हेही विचारा. आर-४०७सी ला पीओई हे कृत्रिम तेल लागतं. जुनं मिनरल तेल या गॅसात विरघळत नाही, ते कॉइलच्या तळाशी साचतं आणि दुधाची उष्णता अडवतं. मिश्रण वेगळं होतं हे खरं, पण आजकाल कुठलंही मशीन मंदावलं की त्याच्यावर खापर फोडायची फॅशन झालीय.

दुसरी गफलत गेज वाचण्यात होते, आणि ती मला गळतीपेक्षा जास्त वेळा दिसते. आर-२२ ला एका दाबाला एकच तापमान होतं. आर-४०७सी ला दोन आहेत: द्रव उकळायला लागतो ते बबल तापमान, आणि शेवटचा थेंब वाफ होतो ते ड्यू तापमान. सक्शन गेजवर ६० पीएसआय दिसतोय असं धरा. दाब-तापमानाच्या चार्टवर त्याचं बबल तापमान उणे ३ च्या आसपास आणि ड्यू तापमान अधिक ३ च्या आसपास. सक्शन पाइपवर थर्मामीटर ५ अंश दाखवतो. तुम्ही बबलच्या रकान्यातून बघितलंत तर सुपरहीट (सगळा द्रव वाफ झाल्यावर ती आणखी किती अंश तापली तो आकडा) ८ येतो, छान वाटतो. खरा सुपरहीट ड्यूवरून काढायचा, तो फक्त २. म्हणजे द्रव कंप्रेसरच्या दारात उभा आहे आणि तुम्ही एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये द्रव सोडणारा) अजून उघडायच्या विचारात. सुपरहीट ड्यूवरून, सबकूलिंग (द्रव आणखी किती अंश थंड झाला ते) बबलवरून, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. डिजिटल मॅनिफोल्डवर गॅस बरोबर निवडला तर तो हे आपोआप करतो. पण निवडायचंच राहिलं असेल तर तोही मुकाट्यानं आर-२२ चा हिशोब दाखवत बसतो.

आपल्या भागाची एक गंमत सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथं हवेचाच दाब कमी. चार्ट समुद्रसपाटीचे. त्यामुळे आपल्याकडं गेजचा आकडा चार्टमध्ये शोधताना एक-सव्वा पीएसआय वजा करायला हवा. वर दिलेल्या उदाहरणात त्यानं अर्ध्या अंशाचा फरक पडतो, फार नाही. पण व्हॅक्यूम करताना सुई २७ इंचांच्या थोडी पुढं जाऊन थांबते, आणि कोकणातून आलेला पोरगा पंप खराब आहे म्हणून दोन तास वाया घालवतो. पंप ठीक असतो. सुईवर जाऊ नका, मायक्रॉन गेज (बारीक व्हॅक्यूम मोजणारा) लावा आणि ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद करून बघा, टिकतो का.

ग्लाइडचा दुधाला होणारा त्रास वेगळाच. चिकोडीकडच्या एका केंद्रावर मला बोलावलं होतं, ‘दुधात बर्फ होतोय’ म्हणून. झाकण उघडून टॉर्च मारला तर टाकीच्या तळाला एकाच बाजूला हातभर पट्ट्यात पांढरा, मऊ, पापुद्र्यासारखा थर. दुसऱ्या बाजूला काही नाही. ज्या बाजूनं गॅस कॉइलमध्ये शिरतो तीच ही बाजू. सरासरी शून्याच्या आसपास असली तरी शिरण्याच्या टोकाला तापमान त्याहून दोन-अडीच अंश खाली असतं आणि निघण्याच्या टोकाला तेवढंच वर. (पूर्ण ६ अंश मिळत नाहीत, कारण एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून येतानाच थोडा द्रव वाफ झालेला असतो.) दूध गोठायला लागतं उणे अर्ध्या अंशाला. आर-२२ वर ठरवलेली सेटिंग तशीच ठेवली आणि ढवळणारा पंखा अधूनमधून बंद पडत असला की एका टोकाला बर्फ येतोच. बाष्पीभवनाचा दाब थोडा वर घेतला, पंख्याचा टायमर बदलला, संपलं. तिथंही आधीच्या माणसानं ‘गॅस फुटलाय’ असंच निदान केलं होतं.

लिक्विड लाईनच्या काचेत बुडबुडे दिसताहेत म्हणून ते जाईपर्यंत भरत राहणं ही आर-२२ ची सवयही इथं नडते. वजनावर भरा.

आता दुसरा प्रश्न. काढलेल्या गॅसमधून आर-३२, आर-१२५, आर-१३४ए वेगळे काढून परत बरोबर प्रमाणात मिसळता येतील का? तत्त्वतः होय, गावात नाही. आर-१३४ए इतरांपासून ऊर्ध्वपातनानं बऱ्यापैकी सुटतो, कारण त्याचा उत्कलनबिंदू लांब आहे. पण आर-३२ आणि आर-१२५ यांचे उत्कलनबिंदू जवळ, शिवाय ठरावीक प्रमाणात ते दोघं एका पदार्थासारखे उकळतात. साध्या ऊर्ध्वपातनानं ते पूर्ण सुटत नाहीत. त्यासाठी तिसरा द्रव घालून केलेलं ऊर्ध्वपातन, खास पडदे, आयनिक द्रव असे मार्ग शोधले जाताहेत, पण ते कारखान्याचं काम. गॅस काढून घेणाऱ्या रिकव्हरी मशीननं आपण फक्त तेल, पाणी, कचरा काढतो, प्रमाण दुरुस्त करत नाही. एखादा म्हणाला, ‘मी रिकव्हरी मशीनमधून फिरवून गॅस नीट करून देतो’, तर चहा पाजून वाटेला लावा.

घटक वेगळे होणं नेहमी शत्रूच असतं असंही नाही, बरं का. नैसर्गिक वायू द्रवरूप करणाऱ्या प्रकल्पांत आणि उणे ८० अंशांच्या काही फ्रीझरमध्ये मुद्दाम असं मिश्रण वापरतात की जड घटक आधी द्रव होऊन विभाजकात बाजूला पडतो, त्याच्या थंडाव्यानं हलका घटक द्रव होतो, आणि एकाच कंप्रेसरवर पायरी-पायरीनं खाली उतरता येतं.

आर-३२ हा मंद ज्वलनशील आहे, मग गळालेली वाफ पेट घेईल का, अशी शंका एकानं मला विचारली होती. आर-४०७सी ला न पेटणाऱ्या गटात घालताना घटक वेगळे झालेली सगळ्यात वाईट अवस्थाही तपासलेली असते. तेवढ्यापुरतं निर्धास्त राहा. निर्धास्त राहू नका ते स्वस्तात मस्त म्हणून कूलरमध्ये स्वयंपाकाचा गॅस भरणाऱ्यांपासून.

तर तुम्ही करायचं ते असं. आधी कंडेन्सर धुवा. मग गळती शोधा, साबणाच्या फेसानं आणि नायट्रोजनच्या दाबानं, विशेषतः मशीन बंद असताना वाफ असते त्या वरच्या भागात. ती सापडून ब्रेझिंग होईपर्यंत एक ग्रॅमही भरू नका. दोनदा टॉप-अप झालाय, तिसऱ्यांदा नको. नायट्रोजन भरण्याच्या आणि ब्रेझिंगच्या आधीच आहे तो गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढा आणि वजन करा. कूलरच्या पाटीवरचा आकडा आर-२२ चा असेल, तो जसाच्या तसा धरू नका. गॅस बदलला तेव्हा किती किलो भरला होता हे जुन्या बिलावर सापडेल. त्यातून आत्ताचं वजन वजा केलंत की या वेळी किती गळाला ते कळेल. व्हॅक्यूम करून नवा आर-४०७सी द्रवरूपात, काट्यावर, पूर्ण भरा. पहिली गळती असती आणि जेमतेम दहा टक्के गेला असता तर मीही म्हणालो असतो, गळती बंद करा आणि द्रव टाका वरून, एवढं काय.

नवा सिलिंडर घेताना एक साधी चाचणी करा. तो रात्रभर सावलीत ठेवा आणि सकाळी त्याच्यावर ओलं फडकं न लावता तापमान आणि दाब दोन्ही बघा. २५ अंशांना आर-४०७सी च्या भरलेल्या सिलिंडरात १५८ पीएसआयच्या आसपास दाब असायला हवा, आपल्याकडं एखाद-दीड जास्त. १४० दाखवत असेल तर कोणीतरी त्यातली वाफ आधीच वापरलीय, किंवा आत भलतंच काही आहे.

आणि भरून झाल्यावर तीन आकडे टिपून मला कळवा: सकाळचं दूध आल्यानंतर अर्ध्या तासानं सक्शन गेजचा दाब आणि कंप्रेसरजवळच्या सक्शन पाइपचं तापमान, आणि शेवटी दूध ३५ वरून ४ वर यायला लागलेला वेळ. पहिल्या दोनांवरून सुपरहीट मी काढतो.